पाहुण्यांचा अभिप्राय

"अहो... लूथरन ख्रिस्ती देऊळ कुठं आहे इथं?"

मी ओढ्यावरून पाणी घेऊन वर येत होते. मार्गशीर्षातलं धुकं अजून खाचरांवरून उठलं नव्हतं. त्या धुक्यातून एक उंच तरुण बूट हातात धरून अनवाणी चालत आला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आमची मोटार वाटेत बसली. पाळकसाहेब मागून बैलगाडीनं येतायत. मी पुढं आलो... पण कळस नाही, घंटा नाही—"

"ती पेंढ्याची उडवी दिसते ना? तिच्या पलीकडची कौलारू खोली. तेच देऊळ."

"आणि घंटा?"

"घंटा नाही. मी हाक मारते."

तो हसला. "मग मारून दाखवा की!"

"रविवारी. उगाच नाही मारत."

घरी आल्यावर कळलं, हेच ते मुंबईचे पाहुणे.

एकतीस साल होतं ते. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत सात-आठ घरांची ख्रिस्ती मंडळी. माझे वडील गोमाजी उपदेश करायचे. एवढ्याशा मंडळीला वेगळं कशाला ठेवायचं, सगळ्यांनी महाडला उपासनेला जावं, असं मिशनच्या वरिष्ठांच्या मनात होतं. म्हणून वयस्कर धर्मगुरू येसाजी पाळकसाहेब आम्हाला बघायला आले होते. सोबत हा शांतवन, परळच्या शाळेतला मास्तर. दोघांचं मत पडेल तसं होणार होतं.

शनिवारी मी त्यांना घरं दाखवायला निघाले. दुसऱ्याच चढाला पाळकसाहेब दमले आणि कुशाबाकाकांच्या ओटीवर टेकले. पुढं आम्ही दोघंच. वरच्या टेपावर, टेकाडाच्या माथ्यावर, साळूबाई राहायची, पायानं अधू, एकटी.

तिनं शांतवनला नीट न्याहाळलं. आमच्या पंथाच्या लूथरला ती लुतरबाबा म्हणायची. "लुतरबाबाच्या गावचा काय रं तू?"

"नाही आजी, मी परळचा."

"मंग जेव."

नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तरी त्यानं पानात काही टाकलं नाही. मी तोंड फिरवून हसले. त्यानं ते पाहिलं.

उतरताना त्याचा पाय घसरला. मी हात पुढं केला. सपाटी आली, तरी हात तसाच.

"आता सोडायला हरकत नाही," मी म्हटलं.

"माझी आहे."

मी सोडवून घेतला... पण जरा सावकाश.

रविवारी उडवीजवळ उभी राहून मी हाक घातली. टेपाटेपावरून माणसं उतरली. साळूबाईला दोघांनी डोलीत घालून आणलं. टाळमृदंगावर गाणी झाली. मग बाबांचा उपदेश, तो नेहमीसारखाच लांबला. उपासना संपल्यावर सगळे सारवलेल्या जमिनीवर बसून राहिले. पाळकसाहेब उठले.

"मंडळी भाविक आहे. पण फार लहान. आणि महाड काही परदेश नाही."

बायकांनी अशा वेळी बोलायची रीत नव्हती. मी उभी राहिले.

"साहेब, तरणे पुरुष जातील महाडला. साळूबाई कशी जाईल? लेकुरवाळ्या कशा जातील? त्यांचा देव काय वाटेतच राहायचा?"

पाळकसाहेबांनी शांतवनकडं पाहिलं. "मास्तर, तुमचं मत?"

तो उठला. कान लाल झाले होते. "माझं मत धरू नका, साहेब. मी... त्रयस्थ राहिलो नाही. माझं मन इथं गुंतलंय."

"कशात गुतलंय?" बाबांनी साधेपणानं विचारलं.

"तुमच्या मुलीत. चंद्रभागाबाईंत."

कोणाच्या तरी हातातले टाळ खणकन खाली पडले. बाबा माझ्याकडं बघत राहिले. मला मात्र एक गोष्ट लख्ख कळत होती. हा गप्प बसला तर आमची मंडळी मोडणार.

"तुम्ही बोला," मी म्हटलं. "माझं उत्तर तुमच्या मतावर अवलंबून नाही. मंडळी राहो नाहीतर मोडो, मला सांगायचं ते मी सांगेनच."

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग त्याचा आवाज मोकळा झाला.

"मग ऐका. उपदेश फार लांबला. निम्मी माणसं पेंगत होती."

बाबा खाकरले.

"पण मुंबईत आमच्या मोठ्या देवळात शेजारी बसणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. इथं साळूबाईंचं सरपण कोणी फोडलं, पाणी कोणी भरलं, हे घरोघर ठाऊक आहे. महाडला नेलीत तर माणसं जातील, साहेब. मंडळी जाणार नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी वर हेच सांगेन," ते म्हणाले. "उपदेशाचं तेवढं वगळून."

सगळे हसले. बाबासुद्धा. मग ते माझ्याकडं वळले. "चंद्रे, आता तू सांग गो."

"पाहुण्यांनी आम्हाला बघितलं," मी शांतवनला म्हटलं. "आता आम्ही पाहुण्यांना बघू. माघात आईला घेऊन या."

नाताळानंतर वरून होकार आला, मंडळी जागच्या जागी राहिली. आणि माघात तो आला. आगबोटीनं दासगावला उतरून, आईला बैलगाडीत बसवून, स्वतः गाडीमागं चालत.

सगळी मंडळी साळूबाईच्या अंगणात जमली. कोणी त्याला नांगर धरता येतो का विचारलं, कोणी गायला लावलं. नांगर येत नव्हता. गाणं त्याहून येत नव्हतं. त्याची आई पदराआड हसत होती. शेवटी सगळे साळूबाईकडं बघू लागले.

"पोरगा बरा हाय," ती म्हणाली. "त्याला खोटं बोलाया येत नाय."

बाबांनी मला खुणेनं विचारलं. अशा वेळी मुली मान खाली घालतात. मी नाही घातली. सरळ त्याच्याकडं पाहिलं. तो घामाघूम उभा होता, धड हसतही नव्हता...

"मला पसंत आहे," मी म्हणाले.