येतो म्हणाले होते

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. मेलेली मशीनं तो उठवून बसवायचा, आणि जी उठायची नाहीत त्यांच्या मालकांना तोंडावर सांगायचा, "गेलं हो." गोड बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या दिवशी दुपारी काउंटरपलीकडे त्याची सख्खी ताई बसली होती, आणि तिच्यापुढे 'गेलं' हा शब्द काढायची त्याची छाती होत नव्हती.

लॅपटॉप भाऊजींचा. भाऊजींना जाऊन सात महिने झाले होते. त्यांची हार्ड डिस्कही आता शेवटच्या घटका मोजत होती. मशीन सुरू केलं की आतून टक टक व्हायची आणि पडदा गोठायचा.

"बाकी सगळं जाऊ दे, छोट्या," ताई म्हणाली. "फक्त यांचा आवाज वाचव."

आवाज म्हणजे अकरा सेकंदांचं एक रेकॉर्डिंग. माइक चालतो का ते बघायला भाऊजींनी घरातून निघता निघता केलेलं. "हॅलो, हॅलो... ऐकू येतंय का? बरं, दार लावून घे. येतो गं." त्यानंतर तासाभरात रस्त्यावर अपघात झाला. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"जन्मभर जातो, जातो म्हणून माझं डोकं फिरवलं," ताईनं शंभराव्यांदा सांगितलं. "कितीदा बजावलं, जातो म्हणू नये माणसानं. आणि नेमकं त्या दिवशी येतो म्हणाले."

त्यानं नेहमीसारखी मान हलवली. सात महिने ती या एका शब्दावर जगत होती, हे त्याला ठाऊक होतं. तो शब्द आपल्या हातून पुसला गेला तर तिला तोंड कसं दाखवायचं?

मागचे आठ स्क्रू काढून त्यानं बशीत ठेवले. डिस्क बाहेर घेतली, शेजारी नवी एसएसडी जोडली आणि कॉपी लावली. नियमाप्रमाणे एक प्रत दुकानाच्या कॉम्प्युटरवरही उतरू दिली.

"जुनीत तबकडी फिरते, म्हणून एवढा आवाज," त्यानं ताईला उगाच समजावलं. "नवीत फिरणारं काहीच नसतं. ती मुकीच."

एकसष्ट टक्क्यांवर गाडी अडली. टक. टक. टक. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. ही त्याची जुनी तपासणी. बिघडलेली डिस्क एका ठेक्यात वाजते. ही तशी वाजत नव्हती. बारा ठोके, मग दम खाल्ल्यासारखी शांतता, मग पुन्हा बारा.

"हे जिना असाच चढायचे," ताई हळूच म्हणाली. "वळणावर थांबून."

"ताई, लोखंड आहे ते."

"मी कुठे काय म्हणतेय?"

ठोके एकदम थांबले, आणि कॉपी सरसर शंभरावर गेली. एकही चूक नाही. इतक्या मोडक्या डिस्कमधून असं कधीच निघत नाही. पण त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि दान पडलेलं असताना फासे कोण तपासतो? नवी डिस्क बसवून त्यानं रेकॉर्डिंग लावलं. भाऊजी बोलले. ताई रडली, हसली, पुन्हा रडली. पडद्यावर मात्र पंधरा सेकंद लिहून आलं होतं. कॉपीत होतं असं कधीमधी, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

ताई लॅपटॉप पोटाशी धरून घरी गेली. घर पायी दहा मिनिटांवर होतं.

ते चार सेकंद त्याला सोडेनात. थोड्या वेळानं त्यानं दुकानातली प्रत उघडली. अठ्ठावीस सेकंद.

"...दार लावून घे. येतो गं." मग शांतता. मग दगडावर बुटांचे आवाज. बारा. थांबणं.

त्यानं पुन्हा लावलं. आता चाळीस सेकंद. वळणानंतर आणखी बारा पायऱ्या. ताईच्या जिन्याला तेवढ्याच होत्या. तिचा फ्रीज त्यानंच खांद्यावरून चढवला होता.

आता तो भ्यायला. सरळसरळ भ्यायला.

तिसऱ्यांदा पायऱ्या संपल्यावर बेल वाजली.

आत खुर्ची सरकली, आणि ताईचा आवाज आला, "आले, आले!"

फाइलवर तारीख सात महिन्यांपूर्वीची होती.

त्यानं फोन लावला. ताईनं लगेच उचलला.

"ताई, दार उघडू नकोस!"

"अरे, कधीच उघडलं." तिचा आवाज हलका होता. असा हलका सात महिन्यांत झाला नव्हता.

"कोण आलंय?"

ती हसली. "कोण काय विचारतोस? थांब, यांनाच देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.