भाऊ, आता उठू का?

थाप वाटली तर वाटू द्या. पण तेजराम माझा सख्खा काका, आणि हे त्याच्या तोंडून एकदाच निघालं.

साल १९६१. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. जागा, पिण्याचं पाणी साफ करायचं पंपघर.

काका तिथं कामाला. क्लोरीनचे सिलिंडर आले, तेव्हा लॅबच्या साहेबानं तीन बाटल्या दाखवल्या. एकीत पिवळट-हिरवी हवा, क्लोरीन. दुसरीत तांबूस-तपकिरी पातळ, ब्रोमीन. तिसरीत आयोडीनचे काळे चमकते खडे, तापवले की थेट जांभळी वाफ! जोडीदार चिंधू ड्युटीवर होता. गळती झाली तर काय करायचं, हे साहेबाकडून ऐकून त्याला सांगायचं काम काकाचं.

बाटल्यांची गंमत पाहिली आणि हा शहाणा चहाला सटकला.

आठवड्याभरात, भर दुपारी, सिलिंडर गळाला. चिंधू आत. गावाकडं धूर झाला की जमिनीला टेकायचं, एवढंच काकाला ठाऊक. दारातून तो ओरडला, "चिंधू, खाली बस! मी म्हणतो तवर उठू नोको!"

चिंधू बसला.

क्लोरीन जड. खालीच साचते. काका चहा पीत होता तेव्हा साहेबानं हेच सांगितलं होतं.

चौकशीत काका म्हणाला, "तो आपल्या मनानंच बसला, साहेब."

चिंधूच्या बायकोला, मैनाबाईलाही तेच सांगितलं. तिच्या डोळ्यांत बघून. मला सांगतानाही लाज वाटते.

चिंधूचं तेरावं झालं. दुपारी काका क्वार्टरमध्ये खाटेवर पडला होता.

चिमण्या एकदम गप्प झाल्या...

क्लोरीनचा तोच उग्र वास...

खाटेखालून खोकला आला. "भाऊ... आता उठू का?"

काकानं वाकून पाहिलं. कोणी नाही. फरशीवर वीतभर पिवळट-हिरवं काहीतरी सरकत होतं. त्याच्या बायकोला, सिंधुकाकूला, काहीच दिसेना.

मग रोज तेच.

नुसतं "ऊठ" म्हणायचं होतं. पण ऊठ म्हटलं, तर बस कोणी म्हटलं होतं?

शेवटी सगळं कबूल करायचं ठरवून तो जवळच्या सुपेला वस्तीत मैनाबाईकडे गेला. ती दारातच बसली होती.

"तुमचीच वाट पाहून राहिली होती, भाऊजी," ती म्हणाली. "ते रोज दुपारी चुलीपाशी येऊन बसतेत. मले विचारतेत, तेजरामभाऊनं ऊठ म्हटलं का?"

आतून... खोकला आला.

मैनाबाई काकाकडे बघत राहिली. शेजारणीही बघत होत्या.

"मग म्हटलंस?" हे ऐकताना मी काकाला विचारलं.

काका हमसून रडला. "नाही रे बापू. तोंडातून निघालंच नाही. परत आलो."

म्हातारपणीही तो खाटेवरून पाय खाली सोडत नसे. आता ती खाट माझ्याकडे आहे. दुपारी चिमण्या गप्प झाल्या की मीही पाय वर घेतो.

काका गेला. चिंधूला ऊठ म्हणणारं आता कोणीच राहिलं नाही.