दोन ठोके म्हणजे बंद

भुतं रात्रीच येतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

ही घटना दिवसाढवळ्या घडलेली आहे. मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा. मामाला बढाया मारायची सवय होती, हे मी आधीच कबूल करते. पण ही गोष्ट त्याने जेव्हा जेव्हा सांगितली, तेव्हा स्वतःची फजितीच सांगितली आणि कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. म्हणून ती खरी, असं मी मानते.

मामाचं काम म्हणजे लोकांच्या घरातली हवा सांभाळणं. आमच्याकडे थंडी कडाक्याची. घरोघरी तळघरात गरम हवेचं मशीन असतं. तिथून पत्र्याचे डक्ट भिंतींमधून वर जातात आणि प्रत्येक खोलीत जाळीतून ऊब येते. ते डक्ट साफ करायचे, फिल्टर बदलायचे, मशीन तपासायचं. जोडीला होता त्याचा साडू, म्हणजे मामीच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

त्या साडूंना सगळे वैद्य म्हणायचे. ते जाळीसमोर नुसता डावा तळहात धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "वरच्या वळणावर कचरा अडकलाय." उघडून बघावं तर अगदी तिथेच अडकलेला.

आणि इथेच मामाच्या पोटात दुखायचं.

काम दोघांचं, नाव एकट्याचं. सासूबाई थोरल्या जावयाला आरामखुर्ची द्यायच्या आणि धाकट्याला म्हणायच्या, "ते स्टूल घ्या ना ओढून." आम्ही भाचरं वैद्यांना 'अहो' म्हणायचो आणि मामाला 'अरे'. आमच्या घरचं मशीन मामाने स्वतःच्या हातांनी बसवलं. पण दर हिवाळ्याआधी ते तपासायला माझी आई वैद्यांना बोलवायची. सख्खी बहीण! मामाला ते शेवटपर्यंत गिळता आलं नाही.

पुढचं कळायला त्यांच्या दोन सवयी माहीत हव्यात.

एक जण तळघरात मशीनपाशी असायचा, दुसरा वर डक्टमध्ये हात घालून. हाका पोचायच्या नाहीत, म्हणून पान्याने पत्र्यावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे माझा हात बाहेर आहे, झालं काम.

आणि काम झालं की वैद्य मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल पेन्सिलीने तारीख घालून दोनच शब्द लिहायचे. 'श्वास ठीक.' खाली मामा निळ्या पेन्सिलीने नुसती सही ठोकायचा.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि वैद्य गेले. छातीत धूळ साचली होती. जाळीला नाक लावून वास घ्यायचा असतो, असं म्हणत त्यांनी जन्मात तोंडाला फडकं बांधलं नव्हतं.

मामी तीन दिवस रडली.

"मी गेलो तर एवढी रडशील का?" मामाने विचारलं.

"आधी जाऊन तर दाखवा," मामी म्हणाली.

मामाला वाईट वाटलंच होतं. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं हायसंही वाटलं होतं. आता तरी चार लोक आपलं नाव घेतील.

कसलं काय! ज्या घरी जावं तिथे एकच पालुपद. वैद्य असते तर असं केलं असतं, वैद्य असते तर तसं केलं असतं. जित्या माणसावर कुरघोडी करता येते. मेलेल्यावर कशी करणार? तो चुकतच नाही.

मग एक दिवस मामा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेला. मशीनचं दार उघडलं. फिल्टर लख्ख. पंख्यावर धुळीचा कण नाही.

दाराच्या आत लाल अक्षरं होती...

'श्वास ठीक.'

तारीख आदल्या दिवसाची.

वैद्यांना जाऊन तेव्हा छत्तीस दिवस झाले होते.

कोणालाही धडकी भरली असती. मामाला आला राग. त्याला वाटलं, कोणीतरी वैद्यांचं अक्षर गिरवून आपली गिऱ्हाइकं पळवतोय.

"कोण येऊन गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही हो," बाई म्हणाल्या. "पण काल झोप मात्र छान लागली. वैद्य हात लावून जायचे ना, तेव्हा लागायची तश्शी."

पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्याकडे तेच. मग चष्मेवाल्याकडे. प्रत्येक वेळी मामाने रॉकेलच्या फडक्याने लाल अक्षरं खसाखसा पुसली आणि निळी सही केली. मामीला एका शब्दाने बोलला नाही. पण जेवताना पोळी अशी तोडायचा की जणू तिनेच त्याची गिऱ्हाइकं पळवली होती.

आणि मग तो मंगळवार आला.

मोठ्या बाईंचा निरोप आला होता. या बाई मामाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता निवृत्त, घरात एकट्या. त्यांनी एके काळी मामाला बाकावर उभं केलं होतं, आणि वैद्यांना मात्र 'हुशार माणूस' म्हणायच्या. मशीन पहाटेपासून बंद होतं. घर गार पडलं होतं. बाई दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या.

"जमेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

हे एवढं विचारणंच मामाला झोंबलं.

तो तळघरात उतरला. मशीनचं दार उघडलं...

या वेळी 'श्वास ठीक' नव्हतं.

'लावू नकोस.'

लाल अक्षरं. तारीख त्याच दिवसाची. बोट लावलं तर पेन्सिलीचा रंग बोटाला लागला.

गॅसचा कॉक बंद होता आणि त्याला तार गुंडाळलेली होती. तारेचा पीळ उलटा होता. डावखुरा माणूस देतो तसा.

मामाने ते बघितलं. त्याला कळलंही. पण मत्सर एकदा डोक्यात शिरला की डोळे असून नसल्यासारखे होतात. त्याने ठरवूनच टाकलं की हा कोणीतरी आता मुद्दाम मशीन बंद पाडून बाईंच्या समोर आपलं नाक कापतोय.

त्याने तार तोडली. अक्षरं पुसली. कॉक उघडला.

मशीन पेटवण्याआधी एक नियम असतो. ज्या लोखंडी पेटीत ज्वाळा जळते, तिच्या आत बॅटरी आणि हातातला छोटा आरसा घालून सगळीकडून बघायचं. कुठे चीर नाही ना. नवशिकाही हे चुकत नाही.

त्या दिवशी आरसा पिशवीतच राहिला.

भप्प आवाज करून ज्वाळा पेटली. पंखा फिरू लागला. आणि डक्टच्या आतून...

टक. टक.

मामा थांबला. पत्रा गरम झाला की फुगतो, फुगताना आवाज करतो. रोजचंच.

टक. टक.

पुन्हा तेवढेच. मधलं अंतरही तेवढंच. पत्रा आवाज करतो, पण पत्रा मोजत नाही.

दोन म्हणजे बंद.

आता ऐका मामाने काय केलं. दुसरा कोणी असता तर पळत सुटला असता. मामाने पाना उचलला आणि डक्टवर दणदणीत एक ठोका घातला.

चालू!

आतून उत्तर आलं. दोन.

मामाने पुन्हा एक.

पुन्हा दोन. या वेळी जवळून... अगदी त्याच्या कानाजवळच्या पत्र्यामागून.

"आयुष्यभर तुमचंच ऐकलं!" मामा ओरडला. "आता नाही ऐकणार!"

कोणाला ओरडला, हे त्याला स्वतःला त्या क्षणी कळलं. तरीही त्याने शेवटचा एक ठोका हाणलाच.

मग काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज.

मामाने निळी पेन्सिल काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सहीच्या वर दोन शब्द लिहिले. 'श्वास ठीक.'

वर बाई जाळीसमोर हात शेकत होत्या. "वा, छान ऊब येतेय," त्या म्हणाल्या. "अगदी वैद्यांनी केल्यासारखी."

घ्या!

मामा घरी आला. जेवायला बसला. घास तोंडात घोळत राहिला. मामी आमटी वाढत होती, तेवढ्यात जेवणघराच्या जाळीतून आवाज आला...

टक. टक.

मामीचा हात हवेतच थांबला.

मग झोपायच्या खोलीच्या जाळीतून. मग न्हाणीघराच्या. घरातल्या एकेक जाळीतून, ओळीने. टक टक. टक टक.

"अहो..." मामीने पळी खाली ठेवली. "असं ठोकायचे ते भाऊजी. दोन म्हणजे काय हो?"

"बंद," मामा म्हणाला.

आणि त्याच्या डोळ्यांपुढे पिशवीतला आरसा आला.

तो तसाच उष्ट्या हाताने धावत सुटला. पाच गल्ल्या. आयुष्यात इतका धावला नव्हता. धावताना एकच डोक्यात होतं. बाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना थंडी सोसत नाही, खिडक्या घट्ट लावून बसतील.

पण दार सताड उघडं होतं.

घरातली एकूण एक खिडकी उघडी होती. पडदे बाहेर फडफडत होते. मोठ्या बाई शाली गुंडाळून ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण शुद्धीत.

मामा आधी तळघरात पळाला. मशीन बंद. कॉक बंद. कॉकला नवी तार, उलट्या पिळाची. त्याने आरसा काढला, पेटीत घातला. मागच्या कोपऱ्यात बोटभर लांब चीर होती. ज्वाळेचा धूर त्या चिरेतून घराच्या हवेत मिसळत होता. त्या धुराला ना वास, ना रंग. माणूस खुर्चीत पेंगतो आणि परत उठत नाही.

दाराच्या आत त्याचे दोन निळे शब्द होते. त्यांच्यावर लाल पेन्सिलीची काट होती, शाळेच्या वहीत मारतात तशी.

तो वर आला. बाईंच्या पायाशी बसला.

"डोकं जड झालं होतं," बाई म्हणाल्या. "खुर्चीत डोळा लागला. मग वैद्य आले. खिडक्या उघडल्या त्यांनी. म्हणाले, बाई, उठा, उन्हात बसा."

"बाई... वैद्य गेले."

"माहीत आहे मला. भेटायला आले होते ना मी तुमच्याकडे." बाईंनी शाल सारखी केली. "मी म्हटलं त्यांना, तुमच्या साडूने आत्ताच तर नीट करून दिलं. तर म्हणाले, काम येतं त्याला. फक्त माझ्यावर रागावलाय."

मामा ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. आणि तो स्वतःच सांगायचा, की रडतानासुद्धा त्याच्या मनात आलं, शेवटी वाचवलं त्यांनीच. मी नाही.

त्या दिवसानंतर लाल अक्षरं कुठेच दिसली नाहीत. मामा प्रत्येक घरात आधी आरसा काढायचा. हळूहळू लोक त्याचंही नाव घ्यायला लागले. पण 'श्वास ठीक' त्याने पुन्हा कधी लिहिलं नाही. आमच्या घरचं मशीन मात्र आता तोच तपासायचा, आणि आई शेजारी उभी राहिली की मुद्दाम दोनदा आरसा फिरवायचा.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. मामी चार दिवस रडली. मी मोजले.

हे सगळं आत्ता का सांगतेय?

परवा थंडी पडायला लागली, म्हणून मी आमच्या मशीनचं दार उघडलं. दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मागचे दोन हिवाळे आम्ही दुसरीकडे होतो. फिल्टर लख्ख होता...

दाराच्या आत लाल अक्षरं होती. 'लावू नकोस.'

आणि त्याखाली निळी, दाबून लिहिलेली. 'लाव. मी बघितलंय.'

दोन्हींवर परवाचीच तारीख.

मी कंपनीचा माणूस बोलावला. त्याने मीटर लावलं, आरसा घातला, तासभर तपासलं. काही दोष नाही, म्हणाला. म्हणजे मामा बरोबर. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. मामावर माझा जीव होता. त्याचं कोणीतरी ऐकावं, असं मला लहानपणापासून वाटायचं.

पण मी अजून मशीन लावलेलं नाही. घरात सगळे स्वेटर घालून बसलेत. नवरा म्हणतो, पत्रा थंडीने आकसतो, त्याचा आवाज होतो.

आत्ता हे लिहितानाही ऐकू येतंय. वरच्या खोलीतून एक ठोका. मग तळघरातून दोन.

पुन्हा एक.

पुन्हा दोन.

'झालं काम' सांगणारे तीन ठोके मात्र अजून कोणीच दिलेले नाहीत. मी त्यांचीच वाट बघतेय...