दोनची चौकट

तो दिवा बंद करा रे, डोळ्यांवर येतोय. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवणारा बसतो ना, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. पटलं तर ठीक, नाहीतर पांघरूण घ्या आणि झोपा.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. रात्रीचे सव्वाअकरा. सीटवाल्याने आईच्या खोलीचं कुलूप काढलं. आई जाऊन महिना झाला होता. तिच्यासाठी भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग न्यायला सकाळी सातला टेम्पो येणार, म्हणून हा रात्रीच मुक्कामाला आलेला. दिवसभर शिवून बोटं सुजलेली. जेवायचंही त्राण नव्हतं.

म्हातारी बत्तीस वर्षं दवाखान्यात रात्रपाळीची आया. पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला उशी लावायची, तक्त्यावर वेळ आणि बाजू लिहायची. अक्षराला वरची रेघ कधी दिली नाही, वेळ कुणाला होता? जिभेने तिखट. पण एखादी नवी नर्स खुर्चीत पेंगली, तर तिची फेरीसुद्धा हीच मारायची, तक्ता भरायची आणि बाहेर ब्र काढायची नाही. "पोरगी दमलीय, झोपू दे," एवढंच.

सीटवाल्याची मुलगी लहानपणी आजीजवळ झोपायची. आजी रात्री तिलाही कुशीवर वळवायची.

"आजी, मी पेशंट आहे का?"

"पेशंट एवढी बडबड करत नाहीत."

मग आजीच अंथरुणाला खिळली. नातीने पट्टीने रेघा मारून तक्ता केला, पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवला. सीटवाला तिथेच झोपायचा, गजर लावून दर दोन तासांनी उठायचा. पाच महिने. शेवटच्या रात्री दोनचा गजर वाजला. त्याने तो बंद केला, पाचच मिनिटं म्हणून पडला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि आई गेली होती.

हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. "आजीने हाक मारली होती का?" मुलीने विचारलं. "नाही गं," म्हणाला. त्याला काय ठाऊक? महिनाभर तेच त्याला आतून खात होतं.

तक्ता भिंतीवर तसाच होता. शेवटच्या ओळीत त्याच्या पेनाचं अक्षर : दहा, उजवी. बारा, डावी. दोनची चौकट कोरी. त्याला बघवेना. भिंतीकडे पाठ करून तो त्याच पलंगावर आडवा झाला, डाव्या कुशीवर.

केव्हातरी जाग आली. खोलीत फिनेलचा वास…

खांद्याखाली एक हात शिरला.

दुसरा कंबरेखाली.

त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

हात सवयीचे होते. घाई नाही. एका दमात त्याला उजव्या कुशीवर वळवलं. पाठीला उशी लागली.

"आई?"

…

कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज. मग पावलं. दारापर्यंत. दार उघडलंच नाही…

आणि खरं सांगू? घाबरायचं सोडून त्याला झोप लागली. पाच महिन्यांची झोप होती ती.

सकाळी टेम्पोवाल्याने दार बडवलं तेव्हा तो उठला. तोंड भिंतीकडे, पाठीला उशी. उशीचं काय, झोपेत आपणच ओढली असेल, असं म्हणता येतं.

त्याच दिवशी त्याने मुलीला सगळं खरं सांगितलं. गजराचंही. आणि तक्ता पुढे ठेवला. पोरीने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. म्हणाली, "बाबा, आजीने तुमची फेरी मारली."

तक्ता आता त्याच्या गाळ्यात टांगलाय, मी स्वतः पाहिलाय. शेवटची ओळ, दोनची चौकट. पेन्सिलीने लिहिलंय, उजवी. वरची रेघ नाही.