पाऊस लावणारी मुलगी

लिस त्या दुकानात शिरली ती फक्त वडे पोचवायला. शनिवारची दुपार होती, परियामानच्या किनाऱ्यावरची वाळू पायाला चटके देत होती, आणि आफदालच्या गेमच्या दुकानातून आरडाओरडा रस्त्यापर्यंत येत होता. आईच्या गाडीवरचे मासळीचे गरम सालावडे, वीस नग. ठेवायचे आणि निघायचं, एवढंच काम.

पण पडद्यावर फुटबॉल चालू होता... आणि तिचे पाय थबकले.

मधोमध बसला होता झोन. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, नखांत ग्रीस, कपाळावर घामाने चिकटलेले केस. ओळीने सहा जणांना त्यानं हरवलं होतं. त्याचा खेळ होता मात्र देखणा! चेंडू जमिनीलगत, या पायातून त्या पायात, जणू दोऱ्यानं ओवलेला.

"आणखी कुणी?" त्यानं मान न वळवताच विचारलं.

"मी."

सगळी मुलं वळली. झोनही वळला. एकदा तिच्याकडे, एकदा टोपलीकडे त्यानं पाहिलं.

"वडे तळण्याइतकं सोपं नाही हं हे."

"वडे तळून बघितलेत कधी?" लिस म्हणाली, आणि टोपली एकाच्या मांडीवर ठेवून खाली बसली.

दुकानाचा नियम होता – नाणं उडवायचं. जिंकणारा संघ आधी निवडणार, हरणारा हवामान. नाणं झोनच्या बाजूनं पडलं. त्यानं ऐटीत स्पेनचा संघ घेतला.

"हवामान लाव. स्वच्छ संध्याकाळ, नेहमीसारखी," मागून कुणीतरी म्हणालं.

लिसनं बटण दाबलं. एकदा. दोनदा. पडद्यावर धो धो पाऊस कोसळू लागला.

"ए... पाऊस काय? पावसात खेळतं का कुणी!"

"मी खेळते."

पाचव्या मिनिटालाच झोनच्या कपाळावर आठी आली. जमिनीलगत दिलेला पास अर्ध्या वाटेत पाण्यात रुतून थांबायचा, आणि तिथे लिसचा खेळाडू आधीच उभा असायचा. ती चेंडू खाली ठेवतच नव्हती. उंच मारायची, डोक्यावरून, या टोकाकडून त्या टोकाला. शेवटी तिनं लांबूनच एक जोरदार फटका हाणला, गोलकीपरच्या ओल्या हातांतून चेंडू निसटला, आणि तिच्या खेळाडूनं तो अलगद आत ढकलला. एक-शून्य. खेळ तिथेच संपला.

"पावसानं जिंकवलं तुला," झोन म्हणाला.

"पाऊस काय माझ्या एकटीवर पडत होता? जाते मी, उदा! वडे गार होतील, खा."

दुसऱ्या दिवशी तो गाडीवर आला. पाच वडे मागितले, तीन खाल्ले, आणि दोन हातात धरून उभाच राहिला.

"शिकलीस कुठे?"

"पादांगला कॉलेजात होते तेव्हा. वसतिगृहातल्या मुली उन्हात मला रडवायच्या. मग मी पाऊस लावायला लागले... त्यांना पाऊस आवडायचा नाही. म्हणून मी तो शिकले."

"म्हणजे उन्हात तू हरशील."

"चार-शून्य. खोटं कशाला बोलू?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरासा मिटायचा, हे तिला उगाचच दिसलं.

"काल मला 'उदा' म्हणालीस."

"मग? वयानं मोठ्या मुलाला उदाच म्हणतात, दादा म्हणावं तसं."

"बायकोही नवऱ्याला उदाच म्हणते..."

लिसच्या हातातला झारा कढईत पडला. तेल उडालं, आई ओरडली, आणि झोन उरलेले दोन वडे तोंडात कोंबून पळाला.

मग तो रोजच यायला लागला. ती त्याला सांगायची – पावसात घसरून चेंडू काढायला जाशील तर लांब वाहत जाशील, शिट्टी वाजेल. खेळाडू लवकर दमतात, राखीव गडी जपून ठेव. बर्फाचं हवामान लावून तिनंही फारसं खेळून पाहिलं नव्हतं. "आपण दोघांनी बर्फ बघितलाय का कधी?" ती म्हणाली. "तुझ्या बर्फाच्या पेटीतला," तो म्हणाला, आणि दोघं बराच वेळ हसत राहिली. तीन महिने असे गेले.

लिसच्या घरात शब्द चालायचा तो बुस्तामीमामांचा. आईचे थोरले भाऊ, घराण्याचे कारभारी. त्यांनी लिससाठी बुकिटिंगी शहरातला एक औषधवाला मुलगा बघून ठेवला होता. आणि त्याच सुमारास गावच्या सभागृहात फुटबॉल-गेमची स्पर्धा ठरली. समितीचे प्रमुख – मामाच.

"पोरांत बसून खेळायचं नाही," मामांनी बजावलं. "आणि स्पर्धेत पाऊस असणार नाही. समितीनं ठरवलंय. स्वच्छ हवेत जो जिंकेल तो खरा."

लिस नावनोंदणीच्या दिवशी सरळ सभागृहात गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मामा, या गावात पाऊस पडला की फुटबॉल बंद होतो का? तुम्ही स्वतः चिखलात खेळून गुडघा मोडून घेतलात, आई सांगते. मग पडद्यावरच ऊन कशाला? मी जिंकते म्हणून?"

कुणीतरी खुसखुसलं. मामांचा चेहरा लाल झाला. "खाली बस."

"नाही बसत."

तेवढ्यात मागच्या बाकावरून झोन उठला. "मीही उभा आहे, मामा. पावसात मी हिच्याकडून अकरा वेळा हरलोय. तरी सांगतो, पाऊस राहू दे. नुसत्या उन्हात जिंकलेला करंडक मला नको."

मग आणखी एक उठला. मग आफदाल. मामांनी कागद आपटला आणि नियम मागे घेतला.

अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते हे दोघंच. नाणं लिसनं जिंकलं. म्हणजे हवामान झोनच्या हातात. "ऊन! ऊन!" अख्खं सभागृह ओरडलं.

झोननं पाऊस लावला.

"भीक घालतोयस मला?" लिस दातओठ खात पुटपुटली.

"भीक? तुला तुझ्याच पावसात हरवायचंय. तीन महिने घासतोय मी."

आणि त्यानं हरवलं. चेंडू वरून, लांबून, गोलकीपरच्या निसटत्या हातांवर... तिनंच शिकवलेलं सगळं. दोन-एक. शेवटच्या मिनिटाला लिसचा फटका खांबाला लागून परत आला, आणि ती डोळे मिटून बसून राहिली. राग आला होता. इतका राग, आणि त्याच्या खाली काहीतरी उचंबळत होतं, थांबता थांबत नव्हतं.

टाळ्या चालू असतानाच ती मामांपुढे गेली.

"मामा, झोनच्या घरी मागणी घालायला जायचंय."

परियामानात मागणी मुलीकडून जाते, आणि ती घेऊन जातो मामाच; मुलाकडच्यांनी विड्याचं पान खाल्लं की होकार समजायचा.

"इंजिनवाल्याकडे? तुला आत्ता हरवलं त्यानं!"

"हो. चोरून नाही, दया दाखवून नाही. समोर बसून हरवलं. असा दुसरा दाखवा."

"मी जाणार नाही."

"मग मी जाईन. उद्या, शुक्रवारची नमाज झाली की."

"मुलीनं स्वतः? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणू देत, मामा."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिस नारळांच्या गल्लीतून एकटी चालत गेली. निळा कुर्ता, डोक्यावर आईची ओढणी, हातात विड्याच्या पानांचा पितळी डबा. दारादारांतून बायका बघत होत्या. तिनं मान खाली घातली नाही.

दार झोनच्या आईनं उघडलं. तिनं डबा पाहिला, मग लिसच्या मागचा रिकामा रस्ता.

"मामा कुठे आहेत तुझे?"

"आले नाहीत. मी तुमच्या मुलाला मागायला आलेय."

"अगं, मुलीनं स्वतः यायची रीत नाही आपल्याकडे."

"ठाऊक आहे, काकू." तिनं डबा पुढे धरला. "तरी आलेय."

आतल्या दाराशी झोन येऊन उभा होता. हातातला पाना त्यानं उगाचच छातीशी धरला होता.

"काय रे," आईनं मागे न बघता विचारलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं... आई, हो म्हण ना."

म्हातारीनं लिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग डब्याचं झाकण उघडलं, एक पान उचललं, चुना लावला, सुपारी ठेवली, सावकाश घडी घातली, आणि तोंडात टाकलं.