नळीतली माती

"बाई, माझं वावर खोटं कसं?" सुलाबाईंनी माती-तपासणीचा अहवाल टेबलावर टाकला.

पेठहून पहिल्या एसटीने नाशकात आलेल्या त्या साठीच्या बाईला पाहून यादवरावांना गलबलून आलं. तिच्या वनहक्काच्या दाव्याचा निकाल सोमवारी होता, आणि अहवाल म्हणत होता, या जमिनीला कधी नांगरच लागला नाही.

डिटेक्टिव्ह अंजलीताईंनी आपल्या या मदतनिसाला समजावलं, "साठेक वर्षांपूर्वी जगभर झालेल्या अणुचाचण्यांची धूळ पावसाबरोबर इथंही पडली. त्यातलं सीझियम मातीला घट्ट धरून बसतं. नांगरलं तर वीतभर मिसळतं, नाहीतर वरच्या चार बोटांतच राहतं. यांच्या वावरातली म्हणून लॅबने तपासलेल्या मातीच्या नळीत ते वरच आहे."

"सासऱ्यापासून कसतोय! माती नेली तवाबी भाताची आवणी चालली व्हती, गुडघाभर चिखलात."

अहवालाला त्या दिवसाचा फोटो होता: प्रयोगशाळेचा मयूर, हातात भरलेली नळी, पायांत पांढरेशुभ्र बूट.

सील केलेली नळी गावातून पेठपर्यंत नेली होती पुंजाने, बांधावरून सुलाबाईंशी उभा दावा असलेल्या शेजाऱ्याने. यादवरावांच्या मते प्रकरण तिथंच संपलं होतं.

"भांडतो, पण माती कशाला बदलू?" पुंजा गावात भेटताच उसळला. "न नांगरलेली माती हाय फक्त रस्त्याकडच्या देवराईत. तिथं आम्ही विळाबी नेत नाय."

देवराईत पाचोळ्याखाली नळीएवढं गोल भोक सापडलं. यादवरावांनी पुंजाकडे रोखून पाहिलं.

बोलावलेला मयूर म्हणाला, "मी खाचराच्या मधोमध नळी भरली, जागेवर सील केली. लॅबमध्ये सील शाबूत पोचलं. पुढचं पुंजाला विचारा."

"सील शाबूत, मग पुंजाने माती बदलली कशी?" अंजलीताईंनी बांधावरच फोटो पुढे केला. "माती सील लागण्याआधीच चुकीची होती. सील तुझं. देवराईत इथला माणूस लोखंड खुपसणार नाही. आणि गुडघाभर चिखलातून आलेल्याचे बूट असे पांढरे?"

मयूरचा चेहरा उतरला. "असं करायला कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम. चिखलात उतरायचा कंटाळा आला. वाटलं, माती सगळी सारखीच."

यादवरावांना संताप आवरेना. बुटांपायी एका बाईची जमीन जात होती! आणि आपण संशय घेतला पुंजावर. त्यांनी पुंजापुढे हात जोडले.

सुलाबाई केव्हाच खाचराच्या पाण्यात उतरल्या होत्या.

"बूट काढ रं," त्या मयूरला म्हणाल्या. "ये, हितली माती घे. रोपावर पाय नको देऊ."

मयूर वाकून नाड्या सोडू लागला.