दोन पास, एक फोन

रोहन, तो फोन जरा खाली ठेव. दोघांचे युरोपचे रेल्वे पास त्यातच टाकलेस ना? वाटलंच मला. ऋता, तुझ्या फोनमध्ये काय मग, नुसते फोटो? हसू नकोस गं. निघायच्या आधी प्रबोधची गोष्ट ऐकून जा. शेवटची एमआरटी मेट्रो चुकली तर इथेच झोपा, या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय आहे कोण.

प्रबोध जहाजावर माझ्या हाताखाली सेकंड इंजिनियर होता. मग त्यानं समुद्र सोडला, इथे किनाऱ्यावरची नोकरी धरली, वुडलँड्सला घर केलं. शिस्तीचा माणूस. आणि शिस्तीची माणसं घरच्यांना फार छळतात, हे मी स्वतःवरून सांगतो. दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात तो आणि त्याची बायको स्मिता युरोपला निघाले. मी माझं जाड जाकीट पोचवायला त्यांच्याकडे गेलो, तर टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. दोन्ही पासपोर्ट याच्या पाऊचमध्ये. दोघांचे रेल्वे पास याच्या फोनमध्ये. स्मिता म्हणाली, माझा पास माझ्या फोनवर दे की. तर हा म्हणे, तू घोळ घालशील. आता आपल्यातले नवरे असंच बोलतात. मीही हसलो होतो, खोटं कशाला सांगू.

तो पास मोठा सोयीचा असतो. एकाच पासवर देशामागून देश ओलांडायचे. रात्रीच्या गाडीला जागा तेवढी वेगळी राखून ठेवावी लागते, ती त्यानं ठेवली होती. पण एक गोष्ट त्याच्या यादीत नव्हती. तिकडच्या काही रात्रीच्या गाड्या वाटेत तोडतात. अर्धे डबे एका देशाला जातात, उरलेले दुसऱ्या देशाला.

तारीख सांगतो. चौदा नोव्हेंबर, गुरुवारची रात्र. व्हिएन्नाहून गाडीत बसले, सकाळी इटलीत उतरायचं होतं. दोनला दहा मिनिटं कमी असताना स्मिता बाथरूमला म्हणून उठली. त्यांच्या डब्यातलं बंद होतं. ती तीन डबे पुढे गेली. अंगावर ट्रॅक पँट आणि स्वेटर, पायात चपला. फोन चार्जिंगला लावलेला. प्रबोध घोरत होता, म्हणून त्याला उठवलं नाही. गाडी कुठल्याशा जंक्शनवर उभी होती.

आत असताना एक हिसका बसला. गाडी सुटली. ती परत निघाली, आणि दोनच डब्यांनंतर दार उघडेना. काचेतून पलीकडे पाहिलं. पलीकडे डबाच नव्हता. मागे पळणारे रूळ, आणि त्यांवर पडलेला बर्फ.

तिनं दार बडवलं. प्रबोध, प्रबोध म्हणून ओरडली. कोणाला ऐकू जाणार? टीसी शोधला, सापडला नाही. नवऱ्याचा नंबर पाठ नाही. ऋता, तुला आहे का पाठ? बघ... तासाभरात सीमा. सीमेवर पोलीस चढणार. आणि हिच्याकडे पास नाही, पासपोर्ट नाही, पैसे नाहीत. रात्रीच्या तीन वाजता परक्या देशात उतरवलं, तर मी कोण हे सांगणार तरी कशावरून? एका रिकाम्या कंपार्टमेंटमध्ये बसून ती रडायला लागली.

"सरक गं थोडी."

मराठीत.

साडीवर स्वेटर, कानटोपी, पायात कॅनव्हासचे बूट. टूरवर आलेली आपली कुठलीही काकू असावी तशी. स्मिताला इतकं हायसं वाटलं की तिनं बाईचा हातच धरला. हात गार होता. स्मितानं सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, माझंही सगळं ह्यांच्याकडेच होतं. जागेवरून उठू नकोस म्हणाले होते. मी उठले.

"मग... भेटले का ते?"

बाईनं स्वेटरची बटणं लावून घेतली.

गाडी थांबली. बूट वाजले. टॉर्च. शेजारच्या कंपार्टमेंटचं दार सरकलं. स्मिता कोपऱ्यात सरकली.

"तुझा येईल तुला शोधत?" बाईनं विचारलं.

"येईल."

"मग तू बैस."

बाई उठली. बाहेर गेली. दार लावून घेतलं.

बाहेर बोलणं. पोलिसांचं... फक्त पोलिसांचं. मग शांत.

स्मितानं खिडकीतून पाहिलं. दोन पोलीस फलाटावरून चालले होते. मध्ये एका माणसाची जागा सोडून. पायरी आली, तशी एकानं हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला करतात तसा... त्या हातात कोणी नव्हतं.

गाडी सुटली. तिच्याकडे कोणी फिरकलंच नाही.

इकडे प्रबोध तीनला जागा झाला. बर्थ रिकामी. त्यानं गाडी डोक्यावर घेतली. त्याच्या डब्यातल्या टीसीनं फोन लावले. सव्वाचारला निरोप आला, भारतीय बाई, कागद नाहीत, सीमेवरच्या स्टेशनात उतरवून घेतली आहे, सुखरूप आहे. प्रबोध मला म्हणाला, मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर रडलो. पुढच्या स्टेशनला उतरला, उलट्या दिशेच्या दोन गाड्या बदलल्या, नऊला तिथे पोचला.

खोलीत खुर्ची. टेबलावर चहा, तसाच. बाई नाही.

दार बाहेरून बंद होतं, पोलीस पुन्हा पुन्हा सांगत होता. खिडकीला गज होते. प्रबोध फलाटभर हाका मारत धावला. रुळांवर उतरला, त्याला धरून वर आणावं लागलं. माझ्यामुळे, माझ्यामुळे एवढंच म्हणत होता. शेवटी पोलिसानं टेबलावरचा कागद त्याच्यापुढे धरला. रात्री बाईंना इंग्रजी येईना, म्हणून नाव आणि नवऱ्याचं नाव लिहायला दिला होता. यांनी हे लिहिलंय, आम्हाला वाचता येत नाही, तुम्ही बघा.

एकच ओळ होती.

"अहो, मला न्यायला या."

स्मिता त्याला कॉलेजपासून प्रबोध म्हणते. चिडली तरी प्रबोध. अहो ती त्याला कधी म्हणालीच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शेवटच्या स्टेशनवरून, स्मिताचा; टीसीनं कळवून ठेवलेल्या त्याच्या नंबरावर तिथल्या लोकांनी लावून दिलेला. आता पुन्हा जागेवरून उठणार नाही म्हणाली, आणि रडायलाच लागली.

तो तसाच निघाला. दारापर्यंत गेला आणि परत आला. पोलिसाला म्हणाला, ही माझी बायको नाही. पोलिसानं विचारलं, मग कोणाची? कोणाला कळवू?

प्रबोधनं कागद पुन्हा पाहिला. उलटूनही पाहिला. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव तिनं लिहिलंच नव्हतं.